न खाल्लेल्या खाऊची सहल

बालमित्रांनो, सहलीला जाताना तुम्ही खाऊ नेता की नाही? चिवडा, वेफर्स, गोळ्या, बिस्किटं... यादी करायला बसलं तर वही पुरायची नाही! आमच्या वर्गानं मात्र उलटंच केलं. आम्ही न खाल्लेल्या खाऊवर सहलीला गेलो! कसं म्हणता? ऐका तर.

मी भिवंडी तालुक्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गाचा पट एकतीस. शाळेच्या फाटकाबाहेर एक टपरी आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली, की निम्मा वर्ग तिकडे पळायचा. पाच रुपये दिले की एक पुडी मिळायची. फुगलेली, चकचकीत, आत मूठभर कुरकुरीत नळ्या आणि बाकी सगळी हवा! बोटं लाल व्हायची, शाळेतली खिचडी ताटात तशीच राहायची आणि दुपारच्या तासाला कुणाचं तरी पोट हमखास दुखायचं.

रागावून काही उपयोग झाला नाही. मग जुलै महिन्यात एके दिवशी मी फळ्यावर गणित घातलं.

"एक पुडी पाच रुपयांची. आठवड्यातून दोन पुड्या खाल्ल्या नाहीत, तर जानेवारीपर्यंतच्या २८ आठवड्यांत एका मुलाचे किती रुपये वाचतील?"

"दोनशे ऐंशी!"

"आणि एकतीस जणांचे?"

पाट्या-पेन्सिली सरसावल्या. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून आवाज आला, "आठ हजार सहाशे ऐंशी! बाई, एवढ्यात तर एसटी येईल!"

झालं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, झाकणाला खाच पाडली आणि वर कागद चिकटवला : 'न खाल्लेला खाऊ'. सगळ्याच पुड्या बंद करायच्या नाहीत, असं आम्ही ठरवलं. एकदम सगळं सोडलं की चार दिवसांत नियम मोडतो, हा मोठ्यांचाही अनुभव आहे! आठवड्यात दोन पुड्या टाळायच्या, त्याचे दहा रुपये शनिवारी डब्यात टाकायचे. आणि भूक लागली तर? घरून चणे, शेंगदाणे, गूळ, काकडी, पेरू जे असेल ते आणायचं आणि वाटून खायचं.

एक अवघड प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली आणि वर्गात एक नवा मुलगा आला. आमच्या गावाजवळ वीटभट्ट्या आहेत. दरवर्षी दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातली माणसं कुटुंबासह तिथं कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. सोबत मुलंही येतात. गावातल्या शाळेतून मिळालेलं शिक्षण हमी कार्ड दाखवलं, की भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसता येतं. हा मुलगा मोखाडा तालुक्यातला. अंगानं किरकोळ, डोळे मात्र तेज. पट झाला बत्तीस.

पहिल्या शनिवारी डबा फिरत फिरत त्याच्यापाशी आला. मुलांनी त्याला नियम समजावून सांगितला. तो विचारात पडला आणि मग म्हणाला, "बाई, आमी पुडी कवा घेतच नाय. मग न घेतल्याचं पैसं कुठून टाकू?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मुलांनो, खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्या खिशात पाच रुपये असतात, त्यालाच ते वाचवता येतात. एवढी साधी गोष्ट गणित घालताना माझ्या ध्यानातच आली नव्हती! "तू नुसता झाकणावर हात ठेव," असं काहीतरी मी म्हणाले. त्यानं हात ठेवला. पण माझं मलाच ते उत्तर पटलं नाही.

दाभोसा की पाडा?

जानेवारीत डबा फोडला. निघाले ६,४३५ रुपये! सगळ्यांनी नियम पाळला असता तर जास्त निघाले असते. पण हे काही थोडे नव्हेत. शाळेच्या सहलीला एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते. उरलेली रक्कम पालकांनी सारखी वाटून घातली, आणि नव्या मुलाचा वाटा? त्याबद्दल कुणी शब्दही काढला नाही.

जव्हार तर नक्कीच ठरलं. पण पुढं? दाभोसाचा उंच धबधबा पाहायचा, की मोखाड्याजवळचा आपल्या मित्राचा पाडा? दोन्ही करायला दिवस पुरणार नव्हता. मग काय, मतदान! पाड्याला १८ मतं, दाभोसाला १४. गंमत म्हणजे त्या मुलानं स्वतः दाभोसाला मत दिलं होतं. म्हणाला, "माझ्या पाड्यावर काय हाय बघायला?"

लाल गाडी निघाली

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे सहाला, कुडकुडत आम्ही गाडीत बसलो. सहलीचे नियम आधीच ठरले होते. रात्री नऊला झोपायचं. सकाळी पोट भरून पण हलकं खायचं. तेलकट खाल्लं की घाटात ते बाहेर येतं! प्रत्येकानं पाण्याची बाटली आणि हात पुसायला रुमाल घ्यायचा. वाडा मागं पडलं, विक्रमगड आलं आणि मग गाडी वळणं घेत चढू लागली. दोन्ही बाजूंना साग, पळस, वाळून सोनेरी झालेलं गवत. एकालाही उलटी झाली नाही, हे मुद्दाम सांगते.

पूर्वी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर उंचीवर आहे. हे नुसतं थंड हवेचं गाव नाही बरं का, ही एका संस्थानाची राजधानी होती! महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्यानं इथं शेकडो वर्षं राज्य केलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. इथली नगरपरिषद १९१८ सालची आहे. त्या काळी कितीतरी मोठ्या गावांतही नगरपरिषद नव्हती!

आधी शिरपामाळावर गेलो. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर होता, असं सांगतात. जव्हारच्या राजानं महाराजांचं स्वागत करून मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ. मुलांनी तिथल्या वाऱ्यात उभं राहून एकच जयघोष केला. मग हनुमान पॉइंटवरून खोल दरी पाहिली आणि शेवटी मुकण्यांचा जयविलास राजवाडा. दगडी भिंती, वर घुमट, भोवती काजूची आणि आंब्याची झाडं. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, राजापण पैसे साठवत असेल का?" मी म्हटलं, "जो साठवत नाही तो राजा फार दिवस राजा राहत नाही!"

पाऊस पुष्कळ, पाणी कुठं?

जव्हारहून मोखाड्याचा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा. वाटेत मी मुलांना एक कोडं घातलं. या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे सगळं पाणी जिथल्या तिथं साठून राहिलं, तर दहा फूट उंच होईल, घरं बुडतील! मग इथंच मार्च-एप्रिलपासून विहिरी कोरड्या का पडतात? बायकांना डोक्यावर हंडे घेऊन लांब का जावं लागतं? पाड्यांवर टँकर का येतात?

कुणालाच उत्तर येईना. तेव्हा आमचा नवा मुलगा खिडकीतून बोट दाखवत म्हणाला, "उतार हाय ना बाई. पानी थांबतच नाय."

अगदी बरोबर! इथले डोंगर काळ्या पाषाणाचे, वर मातीचा थर पातळ आणि उतार जबरदस्त. पाऊस येतो आणि धावत सुटतो. थेट नदीला, नदी समुद्राला. याच मोखाडा तालुक्यात वैतरणा नदीवर मध्य वैतरणा नावाचं सुमारे १०२ मीटर उंचीचं धरण आहे. त्याचं पाणी कुठं जातं ठाऊक आहे? मुंबईला! मुंबईतल्या बालमित्रांनो, नळ उगाच चालू ठेवताना एकदा या हंडेवाल्या मावश्यांची आठवण काढा.

"म्हणजे बाई," एक जण म्हणाला, "पाऊस म्हणजे पगार आणि उतार म्हणजे टपरी!"

गाडीत हशा पिकला. पण मला ही उपमा इतकी आवडली की मी ती वहीत लिहून घेतली. पाड्याच्या अलीकडे एका ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बांध घातलेला दिसला. त्याला वनराई बंधारा म्हणतात. पावसाळा सरला की गावकरी मिळून तो घालतात. मागं गुडघाभर पाणी साठलं होतं आणि त्यावर गुरं पाणी पीत होती. आमच्या पत्र्याच्या डब्याचाच हा थोरला भाऊ!

आजीची कणगी

पाड्यावर पंचवीस-तीस घरं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. काही भिंतींवर गेरूच्या लाल रंगावर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं : त्रिकोणी अंगाची माणसं, गोल धरून नाचणारी, मध्ये एक तारपा वाजवणारा. हीच ती वारली चित्रकला. पूर्वी ती लग्नाच्या वेळी घरातल्या बायका भिंतीवर काढत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या मित्राचे आईवडील तर भट्टीवर. घरी त्याची आजी एकटी. नातवाला पाहताच तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. आम्ही तांदूळ, डाळ आणि गूळ सोबत नेला होता. तिथल्या गुरुजींना मी आधीच पत्र पाठवलं होतं. आजी आणि शेजारच्या बायकांनी चुली पेटवल्या. आमच्या डाळीचं वरण शिजलं; पण भाकरी मात्र त्यांच्या नागलीच्याच हव्यात, असा आजीचा हट्ट!

नागली म्हणजे नाचणी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, थोड्या मातीत येणारं धान्य. दिसायला तांबूस, मोहरीएवढं. पण गुण बघा : शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं कमी. कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दात! संयुक्त राष्ट्रसंघानं २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. जगाला तेव्हा आठवण झाली. आजीला ती कधीपासूनच आहे!

घराच्या कोपऱ्यात बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली उंच कणगी होती. आजीनं त्यातून सुपात नागली काढली. मग सुपातली एक मूठ उचलून परत कणगीत टाकली. आमची एक चौकस मुलगी लगेच म्हणाली, "आजी, काढली आणि परत का टाकली?"

"ती उद्याची," आजी म्हणाली.

रोज काढायचं आणि रोज एक मूठ परत टाकायची, हा तिचा नेम. शिवाय बियाणाचं गाठोडं वेगळं, आढ्याला बांधलेलं. "आधी बियानं बांधायचं, मंग खायाचं. उपाशी ऱ्हायलं तरी बियानाला हात लावायचा नाय." नागलीला लवकर कीड लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते. म्हणून ती आजीची बँक!

मुलांनो, आपण काय करतो? आधी खर्च करतो आणि उरलं तर साठवतो. आजी आधी बाजूला ठेवते आणि मग खाते. शाळा न शिकलेल्या आजीनं डी.एड. झालेल्या बाईंना त्या दिवशी धडा दिला.

गरम भाकरी, वरण, वर गुळाचा खडा. पुड्यांवर वाढलेली आमची मंडळी दोन-दोन भाकऱ्या चापून बसली! जेवण झाल्यावर मागच्या बाकावरचा तो गणितवाला उठला आणि म्हणाला, "बाई, याचा वाटा आला बरं का. सगळ्यांपेक्षा जास्त आला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा मात्र खाली मान घालून अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत होता. पण हसत होता.

दोन प्रवास

निघण्यापूर्वी मी आजीला विचारलं, "एवढी नागली आहे, तरी लेक-सून भट्टीवर का गेली?"

तिनं जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. शेत थोडं, ते एका पावसाचं. कणगी आठ महिने पुरते. आजारपण आलं, घर शाकारायचं आलं, की रोख पैसा लागतो. मग पावसाळ्यातच भट्टीवाल्याकडून 'उचल' घ्यायची. उचल म्हणजे उद्याच्या मजुरीचे आजच घेतलेले पैसे. ते फेडायला दिवाळीनंतर निघायचं. लहान मूल असलं तर तेही पाठीशी. फेडून झालं की पावसाळा. पुन्हा हात रिकामे, पुन्हा उचल.

परतीच्या गाडीत मी मुलांना म्हटलं, "आपण आज प्रवास केला तो साठवलेल्या पैशांवर. याचे आईबाबा प्रवास करतात तो आधीच खर्च झालेल्या पैशांवर. दोन्ही एसटी लालच. पण दोन प्रवासांत किती फरक!" खोडाळ्याहून कसाऱ्याकडे गाडी उतरू लागली. उन्हं कलली होती. नेहमी गाणी म्हणणारी पोरं बराच वेळ गप्प होती.

पालकांसाठी दोन शब्द. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कितीतरी बालकं कुपोषण आणि आजारांनी दगावली होती. सारा महाराष्ट्र तेव्हा हादरला. त्यानंतर बऱ्याच योजना आल्या. २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळू लागलं. काजू-आंब्याच्या वाड्या, मोगऱ्याची लागवड, महिलांचे बचत गट यांनी काही घरांचं बाहेर जाणं थांबलं. सगळं संपलेलं नाही. पण पोटभर चांगलं अन्न, गाठीला थोडा पैसा आणि मुलांची न चुकणारी शाळा या तीन गोष्टी एकमेकींचा हात धरूनच येतात, हे तिथं गेल्यावर कळतं. आपल्या घरीही ते तितकंच खरं आहे. मुलांना महागडी सहल नको. हिशेब मांडून, घरचा डबा बांधून, एसटीनं केलेली एका दिवसाची सहल पुष्कळ शिकवते. आणि मूल दहा वर्षांचं झालं, की पाचशे रुपयांत पोस्टात त्याच्या स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं. पासबुकावर आपलं नाव पाहिल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते पाहा!

पोस्टकार्ड

पावसाच्या आधी तो मुलगा गावी गेला. जाताना त्यानं डब्याच्या झाकणावर पुन्हा हात ठेवला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली. मी हजेरी घेत होते आणि नजर सारखी दाराकडे जात होती. तो आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. आणि मग पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड आलं. वाकडंतिकडं अक्षर, पण एकही काना-मात्रा चुकलेली नाही!

त्यानं लिहिलं होतं : 'बाईंना नमस्कार. या वर्षी आईने बचत गटातून पैसे घेतले, म्हणून उचल अर्धीच घेतली. एकटे बाबा भट्टीवर गेले. आई आणि मी घरी आहोत. मी इथल्या शाळेत पाचवीत आहे. आईने मोगऱ्याची रोपे लावली आहेत. आजी विचारते, पोरं पुन्हा कधी येणार? डब्यात किती झाले?'

आपला विद्यार्थी गैरहजर आहे म्हणून एखाद्या शिक्षिकेला आनंद होतो का? मला झाला! त्याचे बाबा अजून भट्टीवर आहेत, हेही मी विसरले नाही. अर्धं अंतर कापलं आहे, अर्धं बाकी आहे.

ते पत्र मी यंदाच्या चौथीच्या वर्गात वाचून दाखवलं. आता टेबलावर नवा डबा आहे आणि कागदही नवा आहे. त्यावर मुलांनी स्वतःच लिहिलंय : 'ती उद्याची'.

मग बालमित्रांनो, तुमच्या घरात एखादा रिकामा डबा आहे ना? बघा पाहू शोधून!